मालवणचा पंधरा मिनिटांचा स्कूबा: पैसे नक्की कशाचे?

मालवणची जेटी असो, दांडीचा किनारा असो की तारकर्लीचा रस्ता, गाडी जरा हळू झाली की खिडकीशी प्रश्न येतो: "दादा, स्कूबा करायचा?" भाव काही शे रुपयांपासून दोनेक हजारांपर्यंत काहीही ऐकू येतो. त्यात जेट स्की, बनाना राइड, पॅरासेलिंग, डॉल्फिन, देवबागचं सुनामी आयलंड असं काय काय बांधून दिलेलं असतं. शंभर-दोनशे रुपये कमी करून घेण्यात अर्धा तास जातो आणि जे विचारायला हवं ते राहूनच जातं. हा रिव्ह्यू कुठल्या एका बोटवाल्याचा नाही. मालवणला 'स्कूबा' म्हणून जे सरसकट विकलं जातं, त्या सगळ्याचा आहे.

निकाल आधीच सांगतो. पोहता न येणाऱ्या माणसाला पाण्याखाली श्वास घेऊन बघायचा असेल तर या पैशात याहून चांगली सोय आपल्या किनाऱ्यावर नाही. पाचपैकी साडेतीन. माशांना बोलवायला पाण्यात पाव टाकणाऱ्या बोटीला दोन. ज्याला मासे बघायचेत त्याने मात्र पुढचं सगळं वाचून मगच पैसे द्यावेत.

हवेपासून सुरुवात करू. पाठीवरचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर साधारण अकरा लिटरचा असतो आणि २०० बार दाबापर्यंत भरला की त्यात सुमारे २,२०० लिटर हवा मावते. ऑक्सिजन नव्हे, साधी हवा. गाळून, दाबून भरलेली. नवखा, घाबरलेला माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० ते २५ लिटर हवा ओढतो. पाच मीटर खोलीवर दाब दीडपट, म्हणून तिथे लागतात ३० ते ३७ लिटर. शेवटचे ५० बार राखून ठेवले तरी एक सिलिंडर एका माणसाला पाऊण तास आरामात पुरतो. मग आपल्याला पंधराच मिनिटं का? कारण त्याच सिलिंडरवर तिघं-चौघं उतरवायचे असतात. यात फसवणूक काही नाही, भाव कमी आहे तो त्यामुळेच. पण त्यातून दोन गोष्टी निघतात. उतरायच्या आधी गेज, म्हणजे सिलिंडरचा दाब दाखवणारी तबकडी, बघायचा. काटा १०० च्या खाली असेल तर सिलिंडर बदलायला सांगायचं, लाजायचं नाही. आणि तोंडात धरायचा तो रबरी माउथपीस आपल्या आधी तिघांच्या तोंडात होता हे लक्षात ठेवून तो जंतुनाशकात बुडवून मागायचा. चांगल्या बोटीवर त्यासाठी बादली असते. नुसता समुद्राच्या पाण्यात खळबळून देतात तिथे नाही म्हणा.

पहिला श्वास बोटीवरच घेऊन बघा. हवेला तेलाचा किंवा डिझेलच्या धुराचा वास आला तर उतरू नका. कॉम्प्रेसर जिथून हवा ओढतो तिथे इंजिनाचा धूर पोचला की सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड जातो. त्याला स्वतःला वास नसतो, सोबतच्या धुराला असतो. सिलिंडरच्या खांद्यावर शेवटच्या दाबचाचणीचा महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. ते पाच वर्षांहून जुनं असेल किंवा गंजाच्या पापुद्र्यात दिसतच नसेल, तर त्या बोटीवर बाकीच्या गोष्टींचं काय चालत असेल याचा अंदाज येतो.

आता शिडी. या सेवेत पैसे खरे वसूल होतात ते बोटीच्या शिडीवर धरून उभं केलं जातं त्या पाच मिनिटांत. मास्क नाकावरून येतो, त्यामुळे नाकाने श्वास घेता येत नाही, आणि आपलं शरीर नेमकं तेच करायला बघतं. चांगला गाइड छातीएवढ्या पाण्यात थांबवतो, तोंड पाण्यात घालायला लावतो, दहा-बारा श्वास मोजतो. "ताई, नाकाने नाही, तोंडाने. हळू. अजून हळू." खांदे खाली आले, बुडबुडे एका लयीत यायला लागले की मगच शिडी सोडवतो. घाईतला गाइड मास्क चढवला की थेट खाली ओढतो. दुसऱ्या मीटरला माणूस तडफडतो, वर येतो, "मला जमत नाही" म्हणून बोटीत जाऊन बसतो. आणि पैसे परत मिळत नाहीत. न जमलेल्या स्कूबांपैकी बहुतेक असेच शिडीवर बिघडलेले असतात. म्हणून बुकिंग करताना भावाच्या आधी हा प्रश्न: शिडीवर किती वेळ देता, आणि खाली एका माणसामागे एक गाइड असतो का? स्कूबा शिकवण्याचे नियम ठरवणाऱ्या पाडी (PADI) या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमात अशा पहिल्या डाइव्हला एका प्रशिक्षकामागे चार जण चालतात, खोली १२ मीटरपर्यंत आणि वय किमान दहा. मालवणला खोली बहुधा तीन ते सहा मीटर आणि माणसागणिक एक गाइड ही पद्धत आहे. गढूळ पाण्यात ती योग्यच आहे.

कानाचं काम स्वतःलाच करायचं असतं. मास्कवरून नाक चिमटीत धरायचं आणि हलकेच फुंकायचं, कान 'फट' करून मोकळे होतात. दुखायला लागल्यावर नव्हे, अर्धा मीटर खाली गेल्या गेल्या, आणि मग दर मीटरला. दुखलंच तर कानाकडे बोट दाखवून थोडं वर यायचं आणि पुन्हा फुंकायचं. जोर लावून फुंकण्याने पडदा फाटू शकतो. सर्दी असेल तर स्कूबा नाहीच. गोळी घेऊन मोकळं केलेलं नाक खाली असतानाच पुन्हा बंद झालं तर वर येताना अडकलेली हवा जास्त त्रास देते. दमा, झटके, हृदयविकार, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, गरोदरपण यांबद्दलचा छापील फॉर्म समोर ठेवतात की नुसती वहीत सही घेतात, हेही बघा. सगळीकडे 'नाही' लिहून मोकळं होणारे आपलेच लोक असतात, तो भाग वेगळा.

सगळ्यात मोठा नियम एकच, श्वास धरून वर यायचं नाही. पाच मीटरवर भरून घेतलेली छाती पृष्ठभागावर दीडपट फुगू बघते, आणि फुप्फुसाला इजा व्हायला दीड मीटरसुद्धा पुरतो. उथळ आहे म्हणून धोका नाही, हा समज उलटा आहे. हवेचं आकारमान सगळ्यात झपाट्याने बदलतं ते पहिल्या दहा मीटरमध्येच.

खुणांचा एक घोटाळा रोज होतो. मजा आली की आपण अंगठा वर करतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला'. गाइड इमानदारीत वर घेऊन येतो आणि पंधरापैकी सहाव्या मिनिटाला स्कूबा संपतो. 'सगळं ठीक' सांगायला अंगठा आणि तर्जनीचं गोल.

मास्कमध्ये पाणी शिरतं त्याचं कारण निम्म्या वेळा कडेखाली अडकलेले केस आणि उरलेल्या निम्म्या वेळा मिशा. केस मागे घट्ट बांधावेत. नाकाखालची बोटभर पट्टी आदल्या दिवशी साफ केली तर उत्तम, पण मालवणला येऊन मिशीला हात लावणारा अजून दिसायचाय. कपाळाला सनस्क्रीन चोपडलं की मास्क घसरतो आणि तेच डोळ्यांत उतरतं. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळायची. किळस वाटत असेल तर बेबी शाम्पूचा एक थेंब. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, उलट कड दुमडते. पाणी शिरलंच तर वरची कड कपाळाशी दाबून नाकाने फुंकायचं, पाणी खालून निघून जातं.

आता मासे, म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. एकूण २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यातला गाभा तीनेक चौरस किलोमीटर, पद्मगडाच्या बाजूचा. इथलं प्रवाळ अंदमानच्या पोस्टरसारखं फांद्याफांद्यांचं, गुलाबी-जांभळं नाही. कर्लीचा आणि कोळंबच्या खाडीचा गाळ सोसणारं ते राकट प्रवाळ आहे: पोराइट्सचे शेवाळी-तपकिरी गोटे, टर्बिनेरियाची ताटांसारखी पानं, खडकाला लपेटून बसलेले थर. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो दगडच वाटतो, आणि म्हणूनच त्यावर पाय ठेवला जातो. हातभर अंतरावरून नीट बघितलं तर त्याच 'दगडा'वर ज्वारीच्या दाण्याहून लहान खळगे ओळीने दिसतात. प्रत्येक खळगा म्हणजे एक जिवंत प्राणी. पोराइट्सचा गोटा वर्षाला सेंटिमीटरभर वाढतो; आपल्या गुडघ्याएवढा गोटा वयाने आपल्या आईएवढा सहज असतो. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तुकडा खिशात घालणं हा वाघाच्या रांगेतला गुन्हा. तरी फोटोसाठी त्याच गोट्यावर पर्यटकाला गुडघे टेकायला लावणारे गाइड आहेत.

दुसरी वाईट सवय पावाची. गाइड बाटलीत किंवा पिशवीत पाव घेऊन उतरतो, चुरा सोडतो आणि क्षणात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर चेहऱ्याभोवती गर्दी करतात. व्हिडिओ झकास येतो. पण जे दिसतं ते मालवणचा समुद्र नाही, पावाची सवय लागलेली एकच जात आहे. धीट मासे जमले की बुजरे मासे कपारीत जातात, आधीच कमी असलेली दृश्यता चुऱ्याने आणखी ढासळते, रिकाम्या बोटांना चावे बसतात ते वेगळे. आणि शेवाळ खरवडून प्रवाळ मोकळं ठेवणारे मासे पावावर पोट भरायला लागले तर ते काम करायचं कोणी?

म्हणून गाइडला आधीच सांगा, "पाव नको, कपारी दाखवा." जो खरोखर पाण्यातला आहे त्याचा चेहरा हे ऐकून खुलतो. यातले बरेच जण कोळ्या-गाबितांच्या घरचे. कुठल्या खडकाखाली काय बसतं हे त्यांना पुस्तकाशिवाय माहीत असतं. मग दिसतो कपारीत फक्त तोंड बाहेर ठेवून बसलेला गोब्रा, दिवसा खडकाच्या छताला उलटा टांगल्यासारखा स्थिर लायनफिश, घाबरवलं नाही तर न फुगणारा केंड, वाळूत पुरून फक्त डोळे बाहेर ठेवलेलं पाकट, समुद्रफुलांचे गुच्छ, लांब काट्यांचे काळे सागरी अर्चिन. वाम तोंड उघडमिट करते ती धमकी नसते, ती श्वास घेत असते. तिच्या कपारीत हात घातला तर मात्र चावणारच. लायनफिशच्या पाठीचे काटे विषारी असतात, अर्चिनचे मोडून कातडीत राहतात. लायनफिशचा काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास तो भाग बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. उष्णतेने वेदना उतरतात. बर्फ लावू नये. बोटीवर चहाचा थर्मास असेल तर तोच प्रथमोपचार.

किती दिसेल हे मात्र गाइडच्या हातात नाही, तिथीच्या हातात आहे. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. चांगल्या दिवशी सात-आठ मीटरपर्यंत दिसतं, वाईट दिवशी पुढे केलेला स्वतःचा हात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त ओढलं जातं आणि गाळ उठतो. अष्टमीच्या पुढेमागे भांगाची भरती असते, पाणी सुस्त असतं. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. नवमीला नऊचे पावणेसात, म्हणजे पावणेसातच्या सुमारास पूर्ण भरती, एकादशीला सव्वाआठ. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण कामाला पुरतो. भरतीला समुद्राकडचं स्वच्छ पाणी आत येतं, ओहोटीला खाडीचं बाहेर. त्यातच सकाळी मतलई वारा जमिनीकडून असतो आणि पाणी तुकतुकीत. दुपारनंतर खारा वारा सुटतो, लाटा फुटतात, बोट डोलते, लोक ओकतात. या तिन्ही गोष्टी जुळवल्या तर उत्तर येतं: नवमी ते एकादशी, कुठल्याही पक्षातली, आणि सकाळची पहिली बोट. शनिवार-रविवार आणि ख्रिसमसचा आठवडा सोडून. नाताळात किल्ल्यामागे इतक्या बोटी असतात की खाली माशांपेक्षा पाय जास्त दिसतात.

पॅकेज घेतलंच तर स्कूबा सगळ्यात आधी उरकायचा. बनाना राइडवरून आपटून, नाकातोंडात पाणी घेऊन आलेल्या माणसाला नंतर मास्कमध्ये शांत बसवणं कठीण. निघण्याआधी दोन तास घावणे-उसळ नको, चहा-बिस्किट चालेल. आदल्या रात्रीची दारू तर अजिबात नको.

व्हिडिओ 'फ्री' असतो, म्हणजे किमतीत धरलेला असतो. बघायचं एवढंच की कॅमेरा दुसऱ्याच्या हातात आहे का. एका हाताने पर्यटकाचा सिलिंडर आणि दुसऱ्या हाताने गोप्रो धरलेला गाइड गेज बघणार कधी? पाच मीटरवर लाल रंग जवळजवळ गेलेला असतो, म्हणून फुटेज हिरवट येतं. त्याला कोणी काही करू शकत नाही. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर घेतली तर उरलंसुरलंही जातं. फोनला थेट जोडता येणारा ओटीजी पेन ड्राइव्ह सोबत न्या आणि किनारा सोडण्याआधी फाइल उघडून बघा.

बोटीबद्दल एकच गोष्ट, पण ती घासाघीस न करण्याची. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. मे अखेरीस समुद्र फिरायला लागलेला असतो, तेव्हाचं स्वस्त पॅकेज घेऊ नये. लाइफ जॅकेट बोटीत आहे हे पुरेसं नाही. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा अंगावर आणि बंद बांधलेलं हवं. वेटसूट अंगात आहे म्हणून जॅकेट लागत नाही असं कोणी म्हणालं तर त्याच्या बोटीत बसू नका. बोटीवर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आहे का हे विचारल्यावर मिळणारं उत्तरही ऐकण्यासारखं असतं.

पंधरा मिनिटांनी भूक वाढली तर दोन वाटा आहेत. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे आधी प्रशिक्षणाच्या तलावात शिकवतात. ओपन वॉटर या पहिल्या पायरीच्या कोर्सला ढोबळमानाने चार दिवस, समुद्रात चार डाइव्ह, २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं लागतं. झाला की १८ मीटरपर्यंत जगात कुठेही जोडीदारासोबत उतरायचा परवाना. मालवणच्या गढुळात शिकलेला माणूस पुढे कुठेही बावरत नाही, हा त्याचा फायदा कोणी जाहिरातीत लिहीत नाही.

दुसरी वाट कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाची. मुर्डेश्वरहून बोटीने तास-दीड तास, किंमत मालवणच्या कित्येक पट, पण पाणी खुल्या समुद्राचं. दहा-पंधरा मीटर दिसणं तिथे नवल नाही. समुद्रफुलात लपणारे क्लाउनफिश, बॅराकुडाची झुंड, कासव, नशीब असेल तर ब्लॅकटिप शार्क. कोकण रेल्वेने मुर्डेश्वर किंवा भटकळला उतरता येतं. बोट लागणाऱ्यांनी डॉक्टरला विचारून गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी; बोटीत बसल्यावर घेतलेली गोळी समुद्रालाच जाते. फक्त मासे बघायचे असतील आणि खर्च एकदाच करायचा असेल, तर मालवण वगळून सरळ नेत्राणी. घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाणी दाखवायचं असेल तर मालवणच.

परतीचा एक हिशेब मात्र दोन्हीकडे वेगळा. दाबाखाली श्वास घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो, आणि लगेच उंचीवर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. मालवणच्या चार-पाच मीटरच्या एका उडीनंतर तो नगण्य असतो. तरी चिपी विमानतळाहून विमान असेल तर बारा तास मध्ये ठेवायचे, हा नियम पाळलेला बरा. नेत्राणीला दोन खोल डाइव्ह झाल्यावर अठरा तास. आणि विमान नाही म्हणून सुटलो असं नाही. आंबोली सातशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे त्याच दिवशी संध्याकाळी घाट चढून कोल्हापूर-बेळगाव गाठणंही उंचीवर जाणंच. खोल डाइव्हनंतर ती रात्र किनाऱ्यावरच काढायची, घाट दुसऱ्या दिवशी दुपारनंतर.